शेगावच्या योगिराजांची चिलीम

ज्येष्ठाचा महिना सरत येतो, मृगाच्या पहिल्या सरींनी काळी जमीन भिजलेली असते, आणि अशा वेळी विदर्भातून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी रिसोड मागे टाकून मराठवाड्याच्या भूमीत प्रवेश करते. पानकनेरगाव ओलांडून ती सेनगावच्या वेशीवर येते, तेव्हा गावात सण उभा राहतो. अंगणात सडे पडतात, उंबरठ्यावर रांगोळ्या उमटतात, सुवासिनी पंचारत्या घेऊन दारात उभ्या राहतात. शुभ्र वेषातील वारकरी दोन रांगांनी टाळमृदंगाच्या नादात पुढे सरकतात. एक मुक्काम घडतो आणि पालखी श्रीसंत नामदेवांच्या जन्मभूमीकडे, कयाधूकाठच्या नर्सीकडे मार्गस्थ होते. पुढे औंढ्याचा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळीचा वैद्यनाथ, अंबाजोगाई, तुळजापूर अशी क्षेत्रे घेत ती आषाढीला पंढरीच्या वाळवंटी पोहोचते.

या सोहळ्याकडे भक्तिभावाने पाहणाऱ्या घरांत एक प्रश्न मात्र कित्येकदा दबलेल्या आवाजात विचारला जातो. पालखीबरोबर चालणाऱ्या माळकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घालताना मद्यमांस वर्ज्य केलेले असते, व्यसनाला तो शिवत नाही. आणि ज्यांची पालखी तो वाहतो, त्या महाराजांच्या तसबिरीत तर हाती चिलीम दिसते. घरातील तरुण मुलगा ती तसबीर दाखवून विचारतो, की संतांनी ओढली तर आम्ही का ओढू नये? वडीलधारी मंडळी कधी रागावतात, कधी विषय बदलतात. पण श्रद्धेने विचारलेला असो वा खट्याळपणे, प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर महाराजांच्या चरित्रातच आहे. ते चरित्र नीट वाचले पाहिजे एवढेच.

महाराजांचे चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः संतकवी दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ या ओवीबद्ध ग्रंथातून. १९३९ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे एकवीस अध्याय आज घरोघरी पारायणात वाचले जातात. नांदेड जिल्ह्यातील गोरटे ही दासगणूंची भूमी, म्हणजे हा ग्रंथकर्ताही आपल्या मराठवाड्याशी नाते सांगणारा. विशेष हे, की दासगणूंनी चिलमीचा विषय कोठेही झाकला नाही. जे आहे ते सांगितले, आणि त्याचा अर्थही सांगितला.

कच्च्या मातीची चिलीम

२३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातुरकर यांच्या घरी मंगलकार्य होते. भोजनाच्या पंगती उठल्या होत्या आणि उष्ट्या पत्रावळी रस्त्याकडेला टाकल्या होत्या. त्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक तरुण पुरुष बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला. अंगात एक जुनी बंडी, पाणी प्यावयास भोपळ्याचा तुंबा, आणि हाती मातीची एक कच्ची चिलीम. ती कुंभाराच्या आव्यात भाजलेलीही नव्हती. एवढीच काय ती त्याची मालमत्ता. तेज मात्र असे, की पाहणाऱ्याची नजर ढळू नये.

बंकटलालाने घरात जाऊन सुग्रास अन्नाचे ताट आणविले. त्या पुरुषाने काय केले? सारी पक्वान्ने एकत्र कालविली आणि भूक भागविण्यापुरती खाल्ली. गोड, तिखट, आंबट असा भेद त्याच्या जिभेला उरलाच नव्हता. दामोदरपंत पाणी आणावयास गेले, तोवर त्याने जवळच्या गुरांच्या हाळावर जाऊन तहान भागविलीही होती.

वाचकहो, चिलमीचा प्रश्न सोडविण्यास हा पहिला प्रसंगच पुरेसा आहे. व्यसन म्हणजे काय? जिभेला, नाकाला, मनाला लागलेली गोडी. ती न मिळाली तर होणारी तगमग. ज्याला पक्वान्न आणि उष्टे शीत यांत अंतर नाही, गार गोड पाणी आणि गुरांचे पाणी यांत अंतर नाही, त्याची गोडी चिलमीच्या धुरात अडकेल कशी? बंकटलालाला त्या दिवशी जी अवस्था दिसली, ती ब्रह्मस्थिती होती. आणि तिचे कारण ती ओली माती खासच नव्हती.

सोमरसापासून भांगेपर्यंत

धर्म आणि मादक वनस्पती यांचा संबंध महाराजांच्या काळात नव्याने आला असे नव्हे. तो वेदांइतका जुना आहे. ऋग्वेदाचे नववे मंडल, एकशे चौदा सूक्तांचे, जवळजवळ संपूर्णपणे सोमाला वाहिलेले आहे. दगडांनी कुटून, लोकरीतून गाळून, दुधात मिसळून हा रस देवांना अर्पण करीत आणि ऋषी स्वतःही सेवन करीत. परंतु सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती हे ज्ञान काळाच्या ओघात लुप्त झाले. १९६८ साली गॉर्डन वॅसन या अमेरिकन अभ्यासकाने ती एक लाल रंगाची मादक अळंबी असावी असे मत मांडले. इतर विद्वान पर्वतप्रदेशातील एफेड्रा नावाच्या झुडपाकडे बोट दाखवितात. वाद मिटलेला नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. मूळ सोम मिळेनासा झाला तेव्हा ब्राह्मणग्रंथांनी त्याच्या जागी दुसऱ्या वनस्पती सांगितल्या, यज्ञ चालू राहिले आणि उपासनाही चालू राहिली. रस गेला, पण देव गेला नाही.

अथर्ववेदात भंगेचाही उल्लेख येतो. पुढे शैव आणि नाथपंथी साधू, गोसावी, बैरागी यांच्यात गांजा आणि भांग यांचा प्रघात पडला. थंडीवाऱ्यात, स्मशानात, डोंगरकपारीत राहणारे हे लोक. महादेवाने विश्व वाचविण्यासाठी हलाहल प्राशन केले आणि तो नीलकंठ झाला. त्या विषधारी देवाला विषारी वनस्पतीच प्रिय, या भावनेने बेलाबरोबर धोत्र्याची फुले वाहिली जातात आणि काशीत शिवरात्रीला भांग घोटली जाते. नीलकंठाने विष घेतले ते त्याच्या चवीसाठी नव्हे, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

या विषयावर आपल्या शास्त्राचे मत काय? पतंजली मुनींनी योगसूत्रांच्या कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धी पाच मार्गांनी येतात असे सांगितले आहे: जन्माने, औषधीने, मंत्राने, तपाने आणि समाधीने. म्हणजे वनस्पतींच्या योगाने मनाच्या विलक्षण अवस्था येऊ शकतात, हे शास्त्राने नाकारलेले नाही. परंतु थोड्याच सूत्रांनंतर मुनी स्पष्ट करतात, की या सर्वांत केवळ ध्यानातून घडलेले चित्तच वासनांच्या संस्कारांपासून मुक्त असते. औषधीने आलेली अवस्था मागे वासना ठेवून जाते. ती पुन्हा हवीशी वाटते. ध्यानाने आलेली अवस्था मागे काहीच मागत नाही. ही कसोटी हाती घेऊन आता पुन्हा शेगावी जाऊ.

काशीच्या गोसाव्याचा नवस

महाराज बंकटलालाच्या घरी राहू लागले आणि दर्शनाला माणसांची रीघ लागली. त्यांत एके दिवशी काशीहून एक गोसावी आला. फाटकी झोळी, अंगावर चिंध्या. गर्दीत त्याला कोण विचारतो? तो एका कोपऱ्यात बसून राहिला. त्याने महाराजांची कीर्ती ऐकून नवस केला होता, की मनोरथ पूर्ण झाल्यास मी गांजा अर्पण करीन. आता तो गांजा झोळीत होता, पण एवढ्या प्रतिष्ठित लोकांसमोर त्याचे नाव काढावे तर लोक मारून हाकलतील ही धास्ती. पक्वान्नाचा नैवेद्य सर्वांना मान्य, गरिबाचा नैवेद्य कोणाला?

महाराजांनी त्याला स्वतःहून जवळ बोलाविले आणि झोळीत जपून ठेवलेली पुडी आता सोडावी असे सुचविले. गोसावी गहिवरला. नवस फेडल्यावर त्याने आणखी एक मागणे मागितले, की माझी आठवण म्हणून आपण या वस्तूचा नित्य स्वीकार करावा. ग्रंथकार सांगतात, की महाराज यावर काही क्षण घुटमळले. मग आई जसा लेकराचा हट्ट पुरविते, तसा त्यांनी तो मान्य केला. शेगावात गांजाचा प्रघात पडला तो या प्रसंगापासून. परंतु महाराज त्याच्या अधीन कधी झाले नाहीत. कमळाचे पान पाण्यात राहून जसे कोरडे, तसे ते होते, असा निर्वाळा दासगणूंनी तेथेच दिला आहे.

हे घुटमळणे फार बोलके आहे. ज्याला व्यसन असते तो पुडी पाहताच हात पुढे करतो. महाराज थांबले, कारण त्यांना त्या वस्तूची गरज नव्हती. आणि त्यांनी होकार दिला, कारण त्या गरिबाला त्यांच्या होकाराची गरज होती. शबरीची बोरे रामाने खाल्ली, सुदाम्याचे पोहे श्रीकृष्णाने खाल्ले. त्या ओळीतलीच ही घटना आहे.

निखारा नाकारला तेव्हा

आपल्या घरातील तरुण जो आक्षेप आज घेतो, तोच त्या काळी शेगावातही घेतला गेला होता. अक्षय्य तृतीयेचा दिवस. महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव हवा होता आणि बंकटलालाच्या घरची चूल अजून पेटली नव्हती. मुले जवळच्या जानकीराम सोनाराकडे निखारा मागावयास गेली. सणाच्या दिवशी विस्तव देणे अशुभ, असे म्हणून त्याने नकार दिला. मुलांनी महाराजांची थोरवी सांगितली, तेव्हा तो अधिकच चिडला. गांजा आणि तंबाखू ओढणारा, वेड्यासारखा हिंडणारा मनुष्य साधू कसला, असे त्याने मुलांना सुनावले.

महाराज हसले मात्र. त्यांनी बंकटलालाला चिलमीवर नुसती एक काडी धरावयास सांगितले. घर्षण नाही, विस्तव नाही. आणि चिलीम पेटली. तिकडे सोनाराच्या घरी पंगत बसली आणि वाढलेल्या चिंचवण्यात किडे आढळले. सणाचे अन्न टाकून द्यावे लागले. जानकीरामाला आपली चूक उमगली. बंकटलालाला मध्यस्थ करून तो महाराजांच्या पायी लागला. महाराजांनी त्याला रागाचा शब्दही न बोलता धीर दिला, आणि चिंचवणे पाहतात तो ते पूर्ववत निर्मळ झालेले होते.

भाविक या कथेत चमत्कार पाहतात, आणि तो पाहावाच. पण तिच्यात एक सूचनाही आहे. ज्या चिलमीला बाहेरचा निखारा लागत नाही, ती आपण पानपट्टीवर पाहतो त्या जातीची चिलीम नव्हे. तिचा अग्नी आतून आलेला होता. ज्यांना आपली चिलीम पेटविण्यासाठी आगकाडीची गरज भासते, त्यांनी महाराजांचा दाखला देऊ नये.

जळत्या पलंगावर

पुढे महाराज कृष्णाजी पाटलांच्या मळ्यात राहत असता ब्रह्मगिरी नावाचा गोसावी आपल्या शिष्यांसह तेथे उतरला. शिरापुरीची मागणी झाली. रात्री गोसाव्याने गीतेवर प्रवचन मांडले. विषय होता आत्म्याला शस्त्र छेदीत नाही आणि अग्नी जाळीत नाही हा. महाराज जवळच पलंगावर चिलीम ओढीत बसले होते. चिलमीतली ठिणगी पलंगावर पडली, धूर निघाला आणि पाहता पाहता ज्वाळा उठल्या. भास्कर पाटलांनी महाराजांना खाली उतरण्याची विनवणी केली. महाराज ढळले नाहीत. त्यांनी उलट ब्रह्मगिरीलाच पलंगावर येऊन बसण्याचे निमंत्रण दिले, म्हणजे अग्नी आत्म्याला जाळीत नाही हे सर्वांना पाहता येईल. प्रवचनकाराची वाचा बसली. तो शरण आला तेव्हाच महाराज पलंगावरून उतरले, आणि राखेत राहणाऱ्याने तोंडपाठ ज्ञानाची मिरवणूक काढू नये असा बोध त्यांनी त्याला केला.

येथे दोन साधू समोरासमोर होते. एकाजवळ साधूची सारी बाह्य चिन्हे होती, दुसऱ्याजवळ एक चिलीम. कसोटी लागली ती अग्नीची. धुराने आलेली धुंदी आगीची पहिली झळ लागताच उतरते; महाराजांची स्थिती उतरली नाही.

सरकारी चौकशी आणि विज्ञानाचा शोध

महाराज शेगावी असतानाच, १८९३ साली, हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ साली अहवाल दिला. माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवन मात्र घातक, आणि संपूर्ण बंदी घातल्यास साधुसंप्रदायांच्या व शिवोपासकांच्या भावना दुखावतील, असा त्याचा सारांश होता. त्या काळी परवान्याच्या दुकानांत गांजा विकत मिळे. म्हणजे काशीच्या गोसाव्याने झोळीत आणलेली पुडी त्या काळच्या कायद्याला सोडून नव्हती, हेही लक्षात ठेवावयास हवे. आज परिस्थिती निराळी आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमाने गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्या मुलांच्या स्मरणशक्तीला आणि मनःस्वास्थ्याला मोठा धोका असतो असे वैद्यकशास्त्र सांगते.

विज्ञानाचा आणखी एक शोध भाविकांनी आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. गांजात धुंदी आणणारे मुख्य द्रव्य १९६४ साली इस्रायलमधील संशोधक राफाएल मेशुलम आणि त्यांचे सहकारी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. मग प्रश्न उभा राहिला, की या परक्या द्रव्याला मेंदूत जागा मिळतेच कशी? कुलूप आहे त्या अर्थी शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे. १९९२ साली जेरुसलेममध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ती किल्ली सापडली. मेंदू स्वतःच तयार करीत असलेल्या त्या द्रव्याला संशोधकांनी नाव दिले आनंदामाइड. आपल्या संस्कृतमधील आनंद या शब्दावरून. या द्रव्यानेच समाधी लागते असे कोणी म्हणू नये. विज्ञानाने तसे म्हटलेले नाही. परंतु ज्या किल्लीसाठी मनुष्य बाहेर झाडपाला धुंडाळतो, तिच्या जातीची किल्ली देवाने त्याच्या देहातच ठेवली आहे, एवढे तरी या शोधाने दिसले. आनंद बाहेर नाही, आत आहे, हे आपल्या संतांनी फार पूर्वीपासून सांगितलेच होते.

धुंदीचे फळ आणि भक्तीचे फळ

मग अनुभव खरा की आभासी, हे ओळखावे कसे? त्याच्या फळावरून. एका आषाढीला महाराज भक्तांसह पंढरपुरी होते. हरी पाटलांसमवेत आलेल्या मंडळींतील बापुना काळे यांना स्नानामुळे उशीर झाला आणि गर्दीत विठ्ठलाचे दर्शन घडले नाही. तो उपाशी, खिन्न बसून राहिला, तेव्हा महाराजांनी त्याला आपल्या ठायीच पांडुरंगाचे दर्शन घडविले. त्याच वारीच्या परतीच्या वेळी एका वारकऱ्याला पटकीने गाठले. सोबती भयाने त्याला टाकून निघाले. महाराजांनी त्या मरणोन्मुख मनुष्याचा हात धरला, मस्तकावर हात ठेवला, आणि तो बरा होऊन मंडळींबरोबर चालू लागला.

नशेत असलेल्या मनुष्याला शेजारचा कण्हणे ऐकू येत नाही. महाराजांना ते सर्वांआधी ऐकू आले. ज्यांनी गोसाव्याची झोळीतील पुडी ओळखली, बापुनाची खिन्नता ओळखली, टाकलेल्या वारकऱ्याची वेदना ओळखली, ती जागृती होती, धुंदी नव्हती.

१९१० च्या आषाढीला महाराज हरी पाटलांसह अखेरचे पंढरपुरी गेले. विठ्ठलासमोर उभे राहून त्यांनी देह ठेवण्याची अनुज्ञा मागितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा हरी पाटलांना त्याचा अर्थ उमगेना. शेगावी परतल्यावर भाद्रपदातील गणेशचतुर्थी आनंदात गेली, आणि दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, गुरुवार ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराज समाधिस्थ झाले. बत्तीस वर्षांपूर्वी उष्ट्या पत्रावळींजवळ जे तीन जिन्नस हाती होते, त्यांहून अधिक काही त्यांनी या जगातून कमविले नाही.

आता सेनगावच्या दारात पालखी येईल आणि घरातील मुलगा पुन्हा तोच प्रश्न विचारील, तेव्हा त्याला रागावू नये आणि विषयही बदलू नये. त्याला सांगावे, की महाराजांचे अनुकरण करावयाचे असेल तर आरंभ पत्रावळीवरच्या शितापासून कर. अन्नातला भेद सुटू दे, मानअपमानातला भेद सुटू दे, टाकलेल्या माणसाचा हात धरावयास शीक. एवढे साधल्यावर चिलमीचा विचार करण्यास पुष्कळ अवकाश आहे. आणि एवढे साधले, तर तिची आठवणही राहणार नाही.

पालखीपुढे नाचणाऱ्या वारकऱ्याकडे त्या मुलाला क्षणभर पाहू द्यावे. शेकडो मैलांची पायपीट, अंगावर पाऊस, पोटात चार घास. आणि चेहऱ्यावर तो आनंद. त्याच्या हाती चिलीम नाही, टाळ आहे. आणि दुसऱ्याच दिवशी तो नर्सीला, कीर्तनरंगी नाचणाऱ्या नामदेवरायांच्या दारी जाऊन उभा राहणार आहे.